हयात व्यक्तींची हरकत

आपण आयुष्यात निदान एक तरी निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतला, हे चारचौघांत सिद्ध करायची पाळी कुणावर येऊ नये. माझ्यावर आली. आणि खरं सांगायचं तर ती मी हौसेने ओढवून घेतली.

झालं असं, की आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. 'आत्मलेखनाची संध्याकाळ. विषय: मी घेतलेला निर्णय. सभासदांनी स्वतः लिहून स्वतः वाचायचे आहे.' ती वाचताना माझ्या छातीत असं काही धडधडलं, की शेजारी वर्तमानपत्र चाळणाऱ्या गृहस्थांनी मला पाणी हवं का विचारलं. पाणी नको होतं, कागद हवा होता! वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाला 'तुमचे निर्णय सांगा' असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. दुकानदार विचारायचे ते एवढंच, "साहेब, चहा की थंड?" आणि मी तत्त्व म्हणून काहीच घ्यायचो नाही. आता हा निर्णयच नाही का? बघा, सूचना वाचता वाचताच सुचायला लागलं होतं.

घरी पोचलो तेव्हा बायको मटार सोलत बसली होती. मी दारातूनच जाहीर केलं, "अगं, मी लिहिणार आहे."

"काय?"

"माझं आयुष्य."

"बरं," ती म्हणाली. "पण आधी गॅसवाल्याला फोन करा."

मोठमोठ्या लेखकांच्या घरीही हेच चालत असणार, अशी मनाची समजूत घालून मी गॅसवाल्याला फोन केला आणि बसलो. आणि काय सांगू, मजकूर नुसता धो धो आला! हात दुखला, पण मी थांबलो नाही. माझं आयुष्य मला उभ्या आयुष्यात इतकं आवडलं नव्हतं. सगळीकडे माझेच निर्णय! बँकेची नोकरी चालून आली होती, पण न्यायाची चाड म्हणून मी वजनमापं खातं पत्करलं. चिंतनाअंती मिशी ठेवली. सोसायटीत सगळे तळमजल्यासाठी भांडत असताना मी मोकळ्या हवेसाठी सर्वांत वरचा मजला निवडला. आणि शेवटी, लेखाचा कळस म्हणून, लग्न.

लग्नाचा परिच्छेद इथे थोडा देतो, कारण पुढे त्यावरच सगळं येऊन ठेपलं. 'टायपिंगच्या क्लासमध्ये माझे मशीन दाराजवळ होते. एके दिवशी मी ते सोडले आणि सरळ खिडकीजवळ, तिच्या शेजारच्या मशीनवर जाऊन बसलो. कोणाचा सल्ला घेतला नाही. तिची बोटे शाईने काळी झालेली असत, इतकी ती कष्टाळू होती. त्या बोटांकडे पाहूनच मी ठरवले.' ही हकिगत मी आजवर असंख्य वेळा सांगितली आहे. कुणी पाहुणा आला आणि बोलणं थोडं रेंगाळलं की मी ती काढतोच. सांगायला लागलो की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. या वयातही लाजते, म्हणून मला तिचं कौतुक वाटायचं.

लेख घेऊन मी वाचनालयात गेलो. तिथे टेबलामागे जे कारकून बसतात त्यांना सगळे सभासद 'पोटनियम' म्हणतात, अर्थात त्यांच्या मागे. पोटनियमांनी लेखाला हात न लावता विचारलं, "यात हयात व्यक्ती आहेत का?"

"म्हणजे?"

"जिवंत माणसं. गेल्या खेपेला एका सभासदांनी आठवणी वाचल्या. त्यात त्यांच्या साडूने शिडी नेली आणि परत केली नाही, असा उल्लेख आला. साडू तिसऱ्या रांगेत होते. खुर्च्या मोडल्या. तेव्हापासून ठराव झालाय. आत्मलेखनात उल्लेख झालेल्या प्रत्येक हयात व्यक्तीचं ना-हरकत पत्र जोडायचं."

"आणि हयात नसलेल्या?"

"त्यांचा दाखला."

मी ताबडतोब दिवंगत काकांवरची ओळ खोडली. ओळ चांगली होती, पण दाखला चुलतभावाच्या कपाटात आहे आणि चुलतभाऊ कपाटाची किल्ली कुणाला देत नाही.

ना-हरकत पत्राचा छापील नमुना होता. 'हरकत नाही', 'हरकत आहे' आणि 'सशर्त' अशा चौकटी, आणि खाली शर्तीसाठी चांगली ऐसपैस जागा. ही ऐसपैस जागा ज्याने ठेवली त्याला माणसांची पारख नसावी. मोकळी जागा दिसली की आपला माणूस तिथे मत मांडतोच.

सुरुवात मात्र झकास झाली. आमचे टायपिंगचे सर अजून ठणठणीत आहेत आणि रोज याच वाचनालयात पहिल्या बाकावर बसून वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचतात. त्यांनी माझा परिच्छेद कौतुकाने वाचला आणि शर्तीच्या जागेत वळणदार अक्षरात लिहिलं, 'त्या काळी क्लासात उंदरांचा फार उपद्रव होता. ते मशीनच्या शाईच्या रिबनी पळवीत. त्यापायी मला मांजर पाळावे लागले. मांजराचा उल्लेख यावा.' मी आनंदाने मांजर घातलं. साहित्यात एखादं मांजर शोभूनच दिसतं.

तिथून थेट दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो झोपाळू डोळ्यांनी वाचत होता, पण बँकेच्या ओळीपाशी येऊन टक्क जागा झाला.

"धाकट्या, बँकेची नोकरी तू नाकारलीस?"

"हो, म्हणजे..."

"अरे, बँकेच्या परीक्षेला तू गेलास तो परीक्षा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी! वजनमापं खात्याचा अर्ज मी भरला होता. तू झोपला होतास. उठवून सही घेतली तुझी. सही करताना 'कसला आहे?' एवढंसुद्धा विचारलं नाहीस."

"पण न्यायाची चाड..."

"ती नंतर आली असेल. पगाराबरोबर."

दादाने 'सशर्त' वर खूण केली. अर्ज त्याने भरल्याचा उल्लेख यावा, आणि जमल्यास त्या काळी त्याचे केस दाट होते हेही यावं. मी म्हटलं, केसांचा नोकरीशी काय संबंध? तो म्हणाला, तुझ्या निर्णयाचा तरी काय संबंध? वहिनीने मध्ये पडून चहा दिला, म्हणून खुर्च्या वाचल्या.

मिशीच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. मिशी माणसाची स्वतःची असते. पण तिच्याबद्दल लिहायचं तर सलूनवाल्यांचा उल्लेख आलाच होता. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासून ठेवला, हात पुसले आणि माझा परिच्छेद मोठ्याने वाचला. दुकानात बसलेले सगळे ऐकत होते.

"चिंतन?" ते म्हणाले. "साहेब, तेव्हा मी नवीन होतो. वस्तरा घसरला आणि ओठावर कापलं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मी म्हटलं, साहेब, मिशी राहू द्या, रुबाब येतो. तुम्ही म्हणालात, बरं."

"मी नुसतं 'बरं' म्हणालो?"

"डोळेही उघडले नाहीत."

फेस फासलेलं गिऱ्हाईक हसलं आणि फेस त्याच्या नाकात गेला. सलूनवाल्यांची शर्त अशी, की घसरल्याचं लिहू नये, पण दुकानात फिरती खुर्ची आली आहे हे अवश्य लिहावं. मी आरशात मिशीकडे पाहिलं. इतकी वर्षं हिला पीळ देत होतो, आणि ही तर मलमपट्टी निघाली!

उरला वरचा मजला. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी जिन्यातच गाठलं. हे गृहस्थ कुठलाही कागद वाचण्याआधी त्याची मागची बाजू बघतात. मागची बाजू कोरी आहे याची खात्री करून त्यांनी पुढची वाचली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला की समजावं, वाईट बातमी आहे.

"घरांच्या सोडतीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात, आठवतंय का?"

"सोडतीलाच येत होतो."

"येत होतात, पोचला नव्हतात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा तराजू जप्त करत होतात. सगळ्यांनी घरं घेतली, एक उरलं. आम्ही म्हटलं, निरीक्षकांना देऊ, ते काही बोलत नाहीत."

"मी काही बोललो नाही?"

"वारा छान आहे म्हणालात. पण ते नंतर. सगळं सामान चढवून दमलात, खिडकीत बसलात, तेव्हा."

त्यांच्या शर्तीनुसार पाण्याची टाकी नियमित धुतली जाते, असा परिच्छेद लेखात घालावा लागला.

आता लेखाची अवस्था बघा. मी घेतलेल्या निर्णयांच्या लेखात दादाचे केस होते, सलूनची खुर्ची होती, सोसायटीची टाकी होती, एक मांजर होतं. मी तेवढा कुठे नव्हतो. माझ्या मानाला असा काही धक्का बसला, की संध्याकाळी दूध आणायला गेलो तेव्हा दूधवाल्याने पिशवी गाईची की म्हशीची विचारलं आणि मला उत्तरच सुचेना. दूधवाला म्हणाला, "नेहमीची देतो." म्हणजे हेही तोच ठरवणार! मला भरून आलं.

पण हरलो नाही बरं का. कळस शाबूत होता. नोकरी दादाची, मिशी सलूनवाल्यांची, घर भाजीवाल्याच्या तराजूचं, असेना का! दाराजवळचं मशीन सोडून खिडकीजवळ जाऊन बसलेला तो तरुण शंभर टक्के मीच होतो. त्याला कुणी उचलून तिथे ठेवलेलं नव्हतं. मी बाकीचं सगळं फाडून टाकलं आणि तेवढाच प्रसंग नव्याने, दुप्पट जोमाने लिहून काढला. लिहिताना अंगावर काटा आला. बायकोची सही राहिली होती, पण ती काय, घरचंच काम.

घरचं काम सगळ्यांत शेवटी होतं हा सार्वत्रिक नियम आहे. मी पत्र पुढे केलं की ती म्हणे, "ठेवा तिथे, वाचते." ते मटाराच्या टोपलीखाली गेलं, तिथून फळांच्या परडीखाली, तिथून इस्त्रीच्या कपड्यांत. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी ते हुडकून काढलं, तिला खुर्चीत बसवलं, चष्मा हातात दिला आणि म्हटलं, "वाच आणि सही कर. संध्याकाळी वाचायचंय."

तिने वाचलं. आधी तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, गहिवरली. मग तिने पदर तोंडाला लावला, आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. चष्मा काढून तिने डोळे पुसले.

"हे असंच वाचणार?"

"अक्षर न् अक्षर."

"मग नाही करत सही. खोटं आहे हो ते."

"खोटं? मी मशीन सोडून आलो नव्हतो?"

"आलात. पण का आलात?"

"का म्हणजे? माझ्या मशीनची रिबन..." आणि इथे मी थांबलो. खरंच की! माझ्या मशीनची रिबन सारखी गायब व्हायची. सर म्हणायचे, उंदरांनी नेली, जा, त्या खिडकीजवळच्या मशीनवर बस. आणि ते मशीन बरं नेहमी रिकामं असायचं! का, तर त्याच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी ठेवलेली असायची. आणि मी आलो की ती उचलली जायची.

मी बायकोकडे बघितलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

टायपिंग करून बोटं काळी होत नाहीत. टायपिंगमध्ये बोटं कळांना लागतात, शाईला नाही. बोटं काळी होतात ती रिबन काढताना! दुकानदारांनी पारड्याखाली चोरून लावलेला मेणाचा गोळा मी लांबून ओळखायचो. आणि ती काळी बोटं इतकी वर्षं मी पाहुण्यांना स्वतःच्या तोंडाने वर्णन करून सांगत होतो!

"तू?" मी म्हटलं.

"मग काय, तुम्ही आपणहून आला असतात?" ती म्हणाली. "अजून दाराजवळच बसला असतात."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही किती रंगून सांगायचात! कुठे मोडता घालायचा? हसू आवरायचं नाही, म्हणून आत जायचे मी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझा शेवटचा निर्णयसुद्धा गेला होता आणि मला मात्र घरभर नाचावंसं वाटत होतं! अहो, माझ्यासाठी कुणी रिबनी चोरल्या होत्या! रोज हात काळे केले होते! मी, ज्याला उरलेलं घर देतात, नेहमीची पिशवी देतात, त्या मला कुणीतरी पिशवी ठेवून जागा राखून निवडलं होतं! मी कागद ओढला. असा लेख या वाचनालयात कधी झाला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. तिने ना-हरकत पत्र घेतलं, 'सशर्त' वर खूण केली आणि लिहिलं, 'रिबनीचा उल्लेख नको.'

"अगं, पण त्याशिवाय यात आहे काय?"

"सर पहिल्या रांगेत बसतात. बिचाऱ्यांनी मांजर पाळलं हो. या वयात त्यांना कसं सांगू, की उंदीर मीच?"

कार्यक्रमाला दादा आला होता, सेक्रेटरी आले होते, सलूनवाले दुकान बंद ठेवून आले होते. सर पहिल्या रांगेत. बायको तिसऱ्या रांगेत, म्हणजे त्या साडूच्याच जागी. माझी पाळी आली. माझ्या खिशात दोन कागद होते, जुना आणि दुपारी तरीही लिहून काढलेला नवा. मी जुना बाहेर काढला, उलगडला, 'माझे मशीन दाराजवळ होते' एवढं वाचलं, आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

"मंडळी," मी म्हटलं, "माझ्याकडे दोन लेख आहेत. हा खोटा आहे, पण याला वाचायला काही अडचण नाही. दुसरा खरा आहे, त्याला परवानगी नाही. तेव्हा मी काहीच वाचणार नाही. हे मी स्वतः ठरवलंय. दादा, खरंच, मी ठरवलंय."

सभागृहात कुजबुज झाली. पोटनियम कार्यक्रमपत्रिका घेऊन उभे राहिले. छापलेलं वाचलं जात नाही, असा प्रसंग पोटनियमांत नसावा. मी पायरीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"मी सांगते."

बायको उठली होती. पदर खोचून, भाजीवाल्याशी भाव करायला निघाल्यासारखी ती मंचाकडे आली.

"वहिनी," पोटनियम घाईघाईने म्हणाले, "तुमच्या कथनात हयात व्यक्ती आहेत का?"

"दोन आहेत. एक हे."

त्यांनी तिथल्या तिथे नमुना काढून माझ्या हातात दिला. दुसरा नमुना घेऊन ती स्वतः पहिल्या रांगेत गेली आणि सरांच्या कानाशी वाकली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण सरांचं उत्तर सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

"म्हणजे उंदीर नव्हतेच?"

"नव्हते, सर."

सरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आम्ही सगळे खुर्च्यांकडे बघत होतो.

"मांजर मात्र फार गुणी होतं," ते म्हणाले. "पेन आहे का?"

आणि त्यांनी 'हरकत नाही' वर खूण केली.

आता सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा छापील कागद सही करण्याआधी पूर्ण वाचला. मग 'सशर्त' वर खूण केली. बायकोचा चेहरा पडला. मी त्या ऐसपैस जागेत लिहिलं, 'अगदी सुरुवातीपासून सांगावे. काही गाळू नये.' आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने तो वाचला, घडी घालून कमरेला खोवला आणि ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली.

"सुरुवात रिबनीच्या आधीची आहे," ती म्हणाली. "मी तेव्हा टायपिंगच्या नाही, शेजारच्या शिवणाच्या वर्गात होते. एके दिवशी एक मुलगा चुकून आमच्याच वर्गात येऊन बसला. चुकलोय हे त्याला लगेच कळलं. पण उठून जावं की बसावं, हे काही त्याचं ठरेना. म्हणून तो तास संपेपर्यंत बसला आणि मान खाली घालून एक बाही शिवून गेला."

सभागृह हसून कोसळलं. मी मात्र थक्क होऊन उभा होतो. ती बाही मला आठवत होती, शिवणाचं मशीन आठवत होतं, लाजेने गरम झालेले कानही आठवत होते. पण ती तिथे होती, हे मला आज कळत होतं.

"बाही चांगली जमली होती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी शिवण सोडलं आणि टायपिंगला नाव घातलं."

मी खुर्ची ओढली, सरांच्या शेजारी बसलो, आणि माझ्या आयुष्यात पुढे काय झालं ते कान देऊन ऐकू लागलो.